प्रश्न विचारणारे नामदार

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाने लकडा लावला होता. जागा कशी मिळाली, पाण्याची लाइन कधी आली, लिफ्ट किती वेळा बंद पडली हे सगळे इतर सभासद लिहितीलच. मी निम्मे आयुष्य बँकेत ताळेबंद वाचण्यात घालवले. त्यामुळे ताळेबंद वाचणाऱ्या एका मोठ्या माणसाबद्दल लिहावे असे ठरवले. दादरला गोखले रोड आहे, ठाण्याला गोखले रोड आहे. त्या रस्त्यांवर आपण भाजी घेतो, रिक्षा शोधतो. पण गोखले कोण, असे नातवाला विचारले तर तो म्हणतो, गांधीजींचे गुरू. उत्तर बरोबर आहे, मार्क मिळतील. पण माणूस त्यात सापडत नाही.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी झाला. वडील कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळराव तेरा वर्षांचे असताना ते वारले. थोरले भाऊ गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दर महिन्याला धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. म्हणजे स्वतःच्या संसाराला उरले सात. ज्याचे शिक्षण असे मोजून आलेल्या पैशांवर झाले, तो पुढे सरकारच्या कोट्यवधींच्या हिशेबात एकेक रुपया शोधत बसला, याचे मला तरी नवल वाटत नाही.

१८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले आणि पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल व मग फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून पगार पंचाहत्तर रुपये. एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी अंकगणिताचे पुस्तक लिहिले, ते शाळांतून खूप चालले. याच काळात त्यांना न्यायमूर्ती रानडे भेटले. रानड्यांकडची तालीम म्हणजे सक्तमजुरीच! सरकारी अहवालांचे गठ्ठे वाचायचे, आकडे काढायचे, अर्जाचा मसुदा लिहायचा, रानडे तो खोडणार, पुन्हा लिहायचा. एवढे करून सरकारचे उत्तर यायचे दोन ओळींचे. तरुण गोखल्यांनी एकदा विचारलेच, की एवढा खटाटोप कशाला? रानड्यांनी त्यांना समजावले की हे अर्ज नावाला सरकारकडे जातात, खरे तर ते आपल्या लोकांना विचार करायला शिकवण्यासाठी असतात. हे वाक्य गोखल्यांनी जन्मभर जपले असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. १८९७ मध्ये ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले. हिंदुस्थान सरकारच्या खर्चावर त्यांची साक्ष उत्तम झाली. त्याच वेळी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरच्या गोऱ्या सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना आली, आणि त्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्रात जाहीर केले. परत आल्यावर पुरावा उभा राहीना. त्यांनी बिनशर्त माफी मागितली. देशभर छी-थू झाली, स्वकीयांनी तर फारच. नाव सांगितले तर पत्र पाठवणारे अडचणीत येणार होते, म्हणून सगळे स्वतःच्या अंगावर घेतले. पुढे कायदेमंडळात त्यांच्या आकड्याला कोणी सहज हात लावू शकला नाही, त्याचे मूळ मला या माफीत दिसते.

१८९९ च्या अखेरीस ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले आणि दोन वर्षांत, फिरोजशहा मेहतांच्या जागी, कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. तेव्हापासून ते नामदार गोखले. पण त्या मंडळात नामदाराच्या हाती काय होते, ते बघा. प्रश्न विचारता येत होता, पण आधी लेखी नोटीस देऊन. उत्तरावर चर्चा नाही, उपप्रश्न नाही. अंदाजपत्रकावर मार्चअखेर भाषण करता येत होते, पण मतदान नाही. म्हणजे बजेट मंजूर झालेलेच असायचे, सभासदांनी फक्त बोलून घ्यायचे. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ज्यांना बोलू देत नाहीत अशी तक्रार असते, त्यांनी ही स्थिती लक्षात घ्यावी.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी तिथे पहिले अंदाजपत्रकाचे भाषण केले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. सरकार खुशीत होते, कारण तिजोरीत सलग काही वर्षे मोठी शिल्लक पडत होती. देश भरभराटीला आल्याचा तो पुरावा, असे सरकारचे म्हणणे. आणि याच वर्षांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडून गेले होते आणि प्लेग चालूच होता. गोखल्यांनी शांतपणे विचारले, लोक मरत असताना शिल्लक येते कुठून? उत्तरही त्यांनीच दिले. रुपया स्वस्त होता तेव्हा विलायतेला पाठवायच्या रकमेची तोंडमिळवणी करण्यासाठी कर वाढवले. १८९३ मध्ये टाकसाळी खुल्या नाण्यांसाठी बंद करून सरकारने रुपया महाग केला, तो सोळा पेन्सांवर आला. आता विलायतेला पाठवायला कमी रुपये लागू लागले, पण वाढवलेले कर तसेच राहिले. ती शिल्लक म्हणजे भरभराट नव्हे, जास्तीचा वसूल केलेला कर. आम्ही बँकेत म्हणायचो, नफा दिसला की आधी तो कुठल्या खात्यातून आला ते पाहा. गोखल्यांनी हेच केले. या भाषणामागे सोलापूरचे हेडमास्तर गणेश व्यंकटेश जोशी यांची मोठी मदत होती. या गृहस्थांना सरकारी अहवाल तोंडपाठ. नाव झाले गोखल्यांचे, पण आकड्यांचा रियाज त्या हेडमास्तरांचाही होता.

मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता. गोखल्यांनी तो दरवर्षी काढला. १९०३ ला दोन रुपये झाला, १९०५ ला दीड, १९०७ ला एक. एकही मतदान न जिंकता.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. गोखले त्याच सुमारास, १९०२ पासून तीन-चार वर्षे, पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. सकाळी पुण्याची गटारे आणि पाणी, हिवाळ्यात कलकत्त्याला साम्राज्याचा जमाखर्च. लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला होता. कागदावर तो चांगलाच होता. पण शाळा, दवाखाने, रस्ते, आरोग्य ही कामे नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या गळ्यात, आणि कमाईची साधने सरकारकडे. त्यात प्लेग आणि दुष्काळाच्या खर्चाने या संस्था पार खंक झाल्या होत्या. सरकारी खजिन्यात शिल्लक आणि गावाच्या संस्थेत खडखडाट, हे गणित गोखले दर वर्षी कायदेमंडळात मांडत राहिले. १९०५ मध्ये सरकारने जिल्हा बोर्डांना वार्षिक मदत सुरू केली. गोखल्यांनी लगेच विचारले, मग नगरपालिकांनी काय घोडे मारले? (शब्द माझे, आशय त्यांचा.)

१९०८ मध्ये सत्तेच्या विकेंद्रीकरणासाठी नेमलेल्या कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. गावात पंचायत, तालुक्याला लोकांनी निवडलेले बोर्ड, आणि जिल्ह्यात कलेक्टरने ज्यांचा सल्ला घ्यायचाच असे मंडळ. १९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडायचा हक्क मिळाला, तसे १९१२ मध्ये त्यांनी हे जिल्हा मंडळ ठरावाच्या रूपाने पुढे आणले. सुरुवातीला नऊपेक्षा जास्त सभासद नकोत, आणि काम फक्त सल्ल्याचे. इतके माफक मागणे! तेही सरकारला पचले नाही. त्याच महिन्याभरात दुसरा ठराव आणला, की स्थानिक संस्थांवर टाकलेल्या कामांना त्यांची साधने पुरतात का, हे पाहायला सरकारी आणि बिनसरकारी सभासदांची समिती नेमा. त्यालाही होकार मिळाला नाही. आपल्या राज्यात जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली. म्हणजे मधे पन्नास वर्षे गेली.

सगळ्यात मोठी हार झाली ती शिक्षणाच्या विधेयकाची. मार्च १९११ मध्ये त्यांनी ते मांडले. मला ते वाचताना एखाद्या चांगल्या कर्जप्रस्तावासारखे वाटले, सगळ्या शंका आधीच गृहीत धरलेल्या. सक्ती सरकारने करायची नाही. नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने स्वतः ठराव करून, सरकारची मंजुरी घेऊन आपल्या हद्दीत करायची. तीही ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तिथेच. वय सहा ते दहा, सुरुवातीला मुलगेच. ज्या घराची मिळकत महिना दहा रुपयांच्या आत, त्या मुलाला फी नाही. खर्चाचे दोन हिस्से सरकारचे, एक स्थानिक संस्थेचा, आणि त्यासाठी तिला शिक्षणपट्टी बसवायची मुभा. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण सुरू केलेच होते, ते उदाहरण समोर होते. तरी प्रांतिक सरकारांनी विरोध कळवला. लोकांना नवा कर नको, लोकांना सक्ती नको, वेळ आलेली नाही. जिना आणि मालवीय बाजूने उभे राहिले. पण आपल्यातलेही काही विरोधात गेले, हे सांगितले पाहिजे. मार्च १९१२ मध्ये मते पडली, बाजूने १३, विरोधात ३८.

सरकार काही करत नाही म्हणून हात चोळत बसायचे, हा त्यांचा स्वभावच नव्हता. १२ जून १९०५ रोजीच त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला होता, ज्याला आपण सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी म्हणतो. सुरुवातीचे सोबती तीन: द्रविड, पटवर्धन आणि देवधर. शपथ सात कलमांची. त्यात स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही आणि कोणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही, अशीही कलमे होती. (दुसरे कलम आपल्या उपविधीत असते तर!) पाच वर्षे उमेदवारी. गोखल्यांचा हिशेब असा दिसतो की नुसत्या हक्कांनी नगरपालिका चालत नाही, गावोगाव काम शिकलेली, पोटाची चिंता संस्थेवर सोपवलेली माणसे लागतात. यातूनच गोपाळ कृष्ण देवधर रमाबाई रानड्यांबरोबर पुणे सेवासदनात आणि पुढे सहकारी चळवळीत उतरले, ना. म. जोशी कामगारांत गेले. मुंबई नगरपालिकेत इंजिनिअर असलेले ठक्कर बाप्पा १९१४ मध्ये नोकरी सोडून समाजात आले. एवढे सौम्य, सनदशीर गृहस्थ, पण गुप्त पोलिसांची नजर त्यांच्यावरही होतीच.

सहकाराशीही गोखल्यांचा धागा आहे. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यांच्याच मंडळात आला. त्यांनी स्वागत केले, पण जुन्या सावकारी कर्जाचा निकाल लावल्याशिवाय शेतकऱ्याला नुसत्या पतपेढीचा उपयोग मर्यादित, हे बजावले. नाबार्ड आणि कर्जमाफीचे फॉर्म भरलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून हसावे की रडावे कळेना. पतसंस्थेशिवाय इतर सहकारी संस्थांना कायद्यात जागा मिळाली ती १९१२ च्या कायद्याने. आपली सोसायटी त्याच वंशातली.

मधुमेह आणि हृदयविकाराने शरीर पोखरले होते. तरी १९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते गेले, वय अवघे अठ्ठेचाळीस. जन्मभर मतभेद राहिलेले टिळक स्मशानात त्यांच्याबद्दल गौरवाने बोलले. त्याच्या पुढच्याच महिन्यात मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. देशातली ती अगदी सुरुवातीची. आणि तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात विठ्ठलभाई पटेलांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला. त्यातही सक्तीचा निर्णय नगरपालिकेनेच आपल्या सभेत घ्यायचा होता.