कोल्हापुरात रुजू होण्याआधीच गेलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी

1886 साली कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागासाठी एका तरुण डॉक्टरची नेमणूक केली. हे रुग्णालय म्हणजे आजचं सीपीआर. डॉक्टरचं नाव आनंदीबाई जोशी. पण त्या कामावर रुजू होऊच शकल्या नाहीत.

1865 साली कल्याणमध्ये जन्म, नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न आणि चौदाव्या वर्षी बाळंतपण. बाळ दहा दिवसांत दगावलं. बायकांना वैद्यकीय मदत मिळत नाही, हे त्यांनी स्वतः भोगलं. 1883 मध्ये त्या बोटीने अमेरिकेला निघाल्या आणि मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी झाल्या. तोवर क्षयाने शरीर पोखरलं होतं.

मायदेशी परतल्यावर पुण्यात त्यांच्यावर वैद्यांचे उपचार झाले, अमेरिकेहूनही औषधं आली. कशाचाच गुण आला नाही. दोष नेमका कुणाला द्यायचा? रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू 1882 मध्येच शोधला होता, पण त्याला मारणारं औषध जगात कुणाकडेच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 मध्ये. म्हणजे तेव्हा काढा असो वा विलायती बाटली, दोन्ही सिद्ध न झालेलेच उपाय. मरणाच्या दारातल्या माणसाने, अगदी डॉक्टर असलेल्यानेही, ते करून पाहावेत यात नवल नाही.

आज मात्र तीच गोष्ट वेगळी ठरते. साधा क्षय साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. कुणाच्या तरी जडीबुटीवर विसंबून त्या मध्येच सोडल्या, तर आजार बळावतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. कॅन्सरचंही तसंच: सुरुवातीचे महिने ‘हमखास’ उपायात गेले की बरा होण्याजोगा आजार हाताबाहेर जातो. आजार खरोखरच शेवटच्या टप्प्यात असेल, तर असे उपाय घरातला पैसा खातात. काही भस्मांमधल्या शिसं-पाऱ्याची विषबाधा होते ती वेगळीच. वेदना कमी करणारे, सिद्ध झालेले उपचार मात्र राहून जातात. क्षय आणि कॅन्सर बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या दिसतातच.

26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात आनंदीबाई गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर होता. त्यांच्या अस्थी अमेरिकेत मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पॉकिप्सीमध्ये, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवलेल्या आहेत.