डिकन्स आणि आगगाडीची धास्ती

चार्ल्स डिकन्स म्हटलं की आपल्याला ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ आठवतो, नाहीतर ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’. मला मात्र त्याच्या पुस्तकांइतकीच त्याच्या आयुष्याची शेवटची पाच वर्षं सांगावीशी वाटतात. मोठ्या अपघातातून धडधाकट वाचलेला माणूस मनानं कसा हादरून जातो, हे त्या पाच वर्षांत दिसतं.

त्याचा जन्म १८१२ सालचा, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचा. वडील कर्जबाजारी. १८२४ मध्ये त्यांना लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकलं आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात लेबलं चिकटवायच्या कामाला जावं लागलं. हे त्याला इतकं लागलं, की पुढे नाव झालं, पैसा आला, तरी जॉन फॉर्स्टर या मित्राशिवाय त्यानं ते जवळजवळ कुणाला सांगितलं नाही. मुलांना ते कळलं ते बाप गेल्यावर, फॉर्स्टरनं लिहिलेल्या चरित्रातून. दुःख गिळून कामाला लागायचं, ही त्याची सवय तेव्हापासूनची.

१८५८ मध्ये तो पत्नी कॅथरीनपासून वेगळा झाला. आपल्या दहा मुलांच्या आईशी तो चांगला वागला नाही, हेही सांगायलाच हवं. तोवर एलन टर्नन ही तरुण नटी त्याच्या आयुष्यात आली होती. ९ जून १८६५ रोजी फ्रान्सहून लंडनला परतताना ती आणि तिची आई त्याच्यासोबत आगगाडीत होत्या.

केंटमधल्या स्टेपलहर्स्टजवळ एका छोट्या पुलाची दुरुस्ती चालली होती. मुकादमानं गाडीची वेळ चुकीची वाचली आणि रूळ काढून ठेवलेले असतानाच गाडी भरधाव आली. डबे खाली ओढ्यात कोसळले. दहा माणसं गेली, चाळीसेक जखमी झाली. डिकन्सचा डबा पुलावरच तिरका लटकून राहिला. तो खिडकीतून बाहेर पडला, गार्डकडून किल्ली मिळवून दोघींना बाहेर काढलं, आणि मग ब्रँडीची बाटली घेऊन, टोपीत पाणी भरून जखमींमध्ये फिरत राहिला. काही जण त्याच्या डोळ्यांदेखत गेले. शेवटी तो त्या लटकत्या डब्यात परत चढला आणि ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीचं हस्तलिखित काढून आणलं.

बघणाऱ्याला वाटावं, काय धीराचा माणूस! पण त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे त्याचा आवाजच गेला. हात कापायचा. अपघाताच्या चौकशीत साक्ष द्यायला तो गेला नाही. एलनचं नाव बाहेर येऊ नये हेही त्यामागे असावं, असं चरित्रकार मानतात. म्हणजे भीती होती आणि ती मोकळेपणानं बोलायची सोयही नव्हती.

पुढे गाडीत बसला की मध्येच त्याला दरदरून घाम फुटायचा आणि तो बैठक दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायचा. त्याच्या मुलांनी हे लिहून ठेवलंय. वेगवान गाड्या तो टाळू लागला. तीन वर्षांनंतरही साध्या घोडागाडीत अचानक भीती दाटून यायची. ब्रँडीचा घोट घेऊन तो प्रवास रेटायचा आणि गावोगावी कादंबऱ्यांच्या जाहीर वाचनाचे कार्यक्रम करायचा. १८६६ मध्ये त्यानं ‘द सिग्नल-मॅन’ ही रेल्वेची भयकथा लिहिली. ९ जून १८७० रोजी, अपघाताला बरोबर पाच वर्षं झाली त्याच दिवशी, मेंदूच्या झटक्यानं तो गेला. वय ५८.

गेलेल्या माणसाचं निदान आज कुणी खात्रीनं करू शकत नाही. पण ही लक्षणं आज डॉक्टर ज्याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी म्हणतात, त्याच्याशी खूप जुळतात. डिकन्सच्या काळात रेल्वे अपघातानंतरचं असलं दुखणं पाठीच्या कण्याला बसलेल्या धक्क्यामुळे होतं, असं काही डॉक्टर समजत. पहिल्या महायुद्धात सैनिकांना तसंच होऊ लागलं, तेव्हा त्याला शेल शॉक म्हणाले. पीटीएसडी हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथात आलं ते १९८० मध्ये.

यात होतं काय? प्रसंग संपलेला असतो, पण मेंदूतली धोक्याची घंटा बंद होत नाही. तेच दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर येतं, वाईट स्वप्नं पडतात, त्या जागा, ती माणसं टाळावीशी वाटतात, जरा आवाज झाला की दचकायला होतं. पहिले काही दिवस असं कुणालाही होईल. महिन्याहून जास्त चाललं आणि रोजची कामं अडू लागली, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. अपघातच लागतो असंही नाही. घरातली मारहाण, अत्याचार, जिवावर बेतलेलं बाळंतपण यानंतरही हे होतं. बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आहे.

यावर आज चांगले उपचार आहेत. प्रशिक्षित समुपदेशक ती आठवण आणि टाळलेल्या गोष्टी थोड्या थोड्या, सुरक्षितपणे सामोऱ्या आणतात. साधारण तीनेक महिने, दर आठवड्याला एक बैठक. गरज पडली तर नैराश्यावरची काही औषधंही उपयोगी पडतात. डिकन्ससुद्धा पुन्हा पुन्हा गाडीत बसलाच की! पण सोबत समजून घेणारं कुणी नव्हतं, आधार ब्रँडीचा. दारूनं किंवा झोपेच्या गोळ्यांनी भीती तात्पुरती दबते, जात नाही.

मैत्रिणींनो, घरात असं कुणी असेल तर लगेच खोदून खोदून विचारू नका. ‘विसर आता’ असंही म्हणू नका. जवळ बसा, बोलावंसं वाटेल तेव्हा ऐका आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात सोबत जा. जाणं जमत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. आणि संकटात सगळ्यांना सावरणारी जी घरात असते ना, तिलाही महिन्याभरानं एकदा विचारा, तुला झोप नीट लागते का गं?