लांबट ‘एस’चा जनक : लायब्निट्झ

गणिताचे नाव काढले की कला शाखेतल्या आपल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. बारावीपर्यंत गणित शिकून मी तत्त्वज्ञानाकडे वळलो, तेव्हा या दोहोंचा संबंध काय, असे मला अनेकांनी विचारले. त्यांना उत्तर म्हणून मी एका माणसाचे चरित्र सांगतो.

गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निट्झ १ जुलै १६४६ रोजी जर्मनीतील लाइपझिग येथे जन्मला. वडील नीतिशास्त्राचे प्राध्यापक. तो सहा वर्षांचा असतानाच ते वारले. मागे राहिला त्यांचा ग्रंथसंग्रह. त्या ग्रंथांच्या सहवासात मुलगा वाढला आणि लॅटिन बरीचशी आपली आपणच शिकला. पुढे त्याने तत्त्वज्ञान व कायदा यांचे अध्ययन केले. लाइपझिगने कायद्याची डॉक्टरेट दिली नाही, तेव्हा विशीतच त्याने ती आल्टडॉर्फहून मिळवली.

१६७२ मध्ये राजनैतिक कामगिरीवर तो पॅरिसला गेला. तेथे हायगेन्स या थोर शास्त्रज्ञाने त्याला एक कोडे घातले : १, १/३, १/६, १/१० अशी पदे अखंड मिळवत गेल्यास बेरीज किती? लायब्निट्झने प्रत्येक पद दोन संख्यांच्या वजाबाकीच्या रूपात मांडले. मधल्या संख्या एकमेकींना छेदून गेल्या आणि उत्तर आले २. अवघड गोष्टीशी झटापट न करता तिचे रूप पालटायचे, ही त्याची रीत मला येथेच दिसते. याच रीतीने त्याने वर्तुळाच्या क्षेत्रफळाची प्रसिद्ध श्रेणी शोधली. केरळातील माधवाच्या परंपरेला मात्र ती दोनशेहून अधिक वर्षे आधीच ठाऊक होती.

२९ ऑक्टोबर १६७५ रोजी त्याने बेरीज या अर्थाच्या ‘सुम्मा’ या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर लांबवून समाकलनाचे चिन्ह केले. पुढच्याच महिन्यात ‘डीएक्स’ आले. या चिन्हांची करामत पाहा. ‘एक्सचा वर्ग अधिक १’ याचे वर्गमूळ घेऊन त्याला २एक्स डीएक्सने गुणले आहे. समाकलन करायचे आहे. वर्गमूळाखालच्या पदाला ‘यू’ म्हणा. मग २एक्स डीएक्स म्हणजेच डीयू! उरते केवळ यूच्या वर्गमूळाचे समाकलन : यूचा दीडावा घात गुणिले दोन-तृतीयांश, अधिक स्थिरांक. शेवटी यूच्या जागी मूळ पद ठेवले की झाले. हेच आपले सब्स्टिट्यूशन. येथे निम्मा विचार चिन्हच करते, आणि असे चिन्ह सुचायला भाषेवर व तर्कावर प्रेम करणारा माणूस लागतो, असे मला वाटते.

पण याच शोधाने त्याला मनस्ताप दिला. न्यूटनला ही विद्या १६६५-६६ च्या सुमारासच साधली होती, परंतु त्याने ती छापली नव्हती. लायब्निट्झने आपले लेख १६८४ व १६८६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे चोरीचा आरोप झाला. १६१२ नव्हे, तर १७१२ साली, विज्ञानयुगात, लंडनच्या रॉयल सोसायटीने चौकशी समिती नेमली. सोसायटीचा अध्यक्ष होता न्यूटन आणि अहवालही बव्हंशी त्यानेच लिहिला! लायब्निट्झचे म्हणणे कोणी ऐकलेच नाही. दोघांचे शोध स्वतंत्र होते, हे आज इतिहासकार मान्य करतात.

हॅनोव्हरच्या राजघराण्याची त्याने चाळीस वर्षे चाकरी केली. १७१४ मध्ये त्याचा धनी इंग्लंडचा राजा झाला, पण घराण्याचा अपुरा इतिहास पुरा करण्यासाठी लायब्निट्झला मागेच ठेवले गेले. १४ नोव्हेंबर १७१६ रोजी तो वारला. अंत्ययात्रेला दरबारातून कोणी आले नाही. त्याच्या थडग्यावर पन्नासहून अधिक वर्षे नावही नव्हते.

न्यूटनच्या अभिमानापोटी इंग्लंडने त्याचीच टिंबांची चिन्हे शतकभर धरून ठेवली आणि गणितात ते युरोपच्या मागे पडले. अखेर १८१२ मध्ये केंब्रिजच्या काही विद्यार्थ्यांनी मंडळ काढून लायब्निट्झच्या चिन्हांचा पुरस्कार केला. समितीने नाकारलेला न्याय आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी दिला, याचे मला फार अप्रूप वाटते.