न मागितलेले तारुण्य

वि. स. खांडेकर म्हटले की 'ययाति' आणि 'ययाति' म्हटले की ज्ञानपीठ, एवढी ओळ आपण सर्वांनीच परीक्षेसाठी पाठ केलेली असते. परंतु शिरोड्याच्या बाजूने कॉलेजला येणाऱ्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला ती पुरत नाही. ज्या गावात भाऊसाहेबांनी ऐन तारुण्यातली अठरा वर्षे वेचली, त्या गावाकडून पाहिले, तर त्यांच्या म्हातारपणाचा अर्थ अधिक चांगला कळतो, असे मला वाटते.

त्यांचा जन्म ११ जानेवारी १८९८ चा, सांगलीचा. मूळ नाव गणेश आत्माराम खांडेकर. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. १९१३ मध्ये मॅट्रिक होऊन हा हुशार मुलगा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेला. पण पुढे तो चुलते सखाराम खांडेकर यांना दत्तक गेला आणि गणेश आत्मारामचा विष्णू सखाराम झाला. शिक्षण अर्धे राहिले, पुणे सुटले आणि सावंतवाडीकडचे नानेली हे खेडे वाट्याला आले. घर बदलले, नाव बदलले, मार्गही बदलला. दुसरा एखादा नशिबाला बोल लावीत बसला असता. खांडेकर १२ एप्रिल १९२० रोजी शिरोड्याच्या ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले.

शिरोडे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. एका बाजूला दर्या, मधे माडांच्या बागा आणि मिठागरे, आणि या साऱ्यांत राबणारी गरीब माणसे. त्यांच्या मुलांना इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून चाललेल्या शाळेची ओढाताण खांडेकरांनी आपली मानली. १९२९ मध्ये त्यांचे लग्न झाले. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' प्रसिद्ध झाली. 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' या १९३४ च्या कादंबऱ्यांतील श्रीमंती व दारिद्र्य यांची तळमळ कोणत्या अंगणात रुजली, हे आम्हां इकडच्या मंडळींना वेगळे सांगावे लागत नाही.

१९३८ मध्ये त्यांनी शिरोडे सोडले व चित्रपटलेखनासाठी ते कोल्हापूरला गेले. मास्टर विनायकांचा 'छाया' हा त्यांनी लिहिलेला चित्रपट १९३६ मध्येच गाजला होता. १९४१ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९४२ मध्ये 'क्रौंचवध' आली आणि मग जवळजवळ एक तप त्यांची एकही नवी कादंबरी आली नाही. १९५४ मध्ये 'अश्रू'ने ते मौन सुटले. पुढे १९५८ मध्ये पत्नी उषाताई गेल्या. खांडेकर साठीत होते, प्रकृती नाजूक होती आणि डोळे तर पूर्वीपासूनच अधू.

आमच्या वाडीत असे आजोबा मी पाहिले आहेत. मुलगे मुंबईला, येणे चतुर्थीपुरते. आजी गेली की पडवीतल्या खुर्चीवर बसलेला माणूस हळूहळू बोलायचाच थांबतो. जेवण झाले का, एवढेच त्याला कोणी विचारते. पुढचे काही विचारण्यासारखे त्याच्यापाशी उरले असेल, असे घरच्यांना वाटत नाही.

खांडेकरांनी मात्र त्याच काळात 'ययाति' वाचकांच्या हाती दिली. साल १९५९. महाभारतातला हा राजा म्हातारपण आले म्हणून घाबरतो आणि पोटच्या पोराकडे तारुण्याची भीक मागतो. स्वतः वार्धक्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या, एकट्या पडलेल्या लेखकाने नेमकी हीच गोष्ट सांगावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. १९६७ च्या 'अमृतवेल'मध्येही आपले प्रेमाचे माणूस गमावलेली नंदा पुन्हा जगण्याकडे कशी वळते, हेच त्यांनी लिहिले. स्वतःच्या दुःखावर त्यांनी घर बांधले नाही. दुसऱ्याच्या दुःखात ते वाटून टाकले.

त्यांची भाषा अलंकारांनी जड झाली आहे, त्यांचे नायक फार ध्येयवादी आहेत, असे समीक्षक म्हणतात. वर्गातही आपण ते ऐकतो, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण भाषेचे दागिने जुने झाले म्हणून त्यामागची तळमळ खोटी ठरत नाही.

मानसन्मान उशिरा आले आणि ओळीने आले. १९६० चे साहित्य अकादमी पारितोषिक, १९६८ मध्ये पद्मभूषण, आणि १९७४ सालचे ज्ञानपीठ. मराठीला मिळालेले हे पहिलेच ज्ञानपीठ. परंतु अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. ज्या पुस्तकाचा देशभर गौरव होत होता, त्याचे पान त्यांना दिसत नव्हते. तरी लेखन थांबले नाही. ते सांगत आणि दुसरे कोणी उतरवून घेई. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. 'एका पानाची कहाणी' हे आत्मचरित्र १९८१ मध्ये, त्यांच्या पश्चात निघाले. योगायोग असा, की आपला सिंधुदुर्ग जिल्हाही त्याच वर्षी वेगळा झाला.

ययातीने तरुणाकडे आयुष्य मागितले. खांडेकरांनी आपले आयुष्य आधी शिरोड्याच्या मुलांना दिले आणि म्हातारपणी फक्त कोणाचे तरी डोळे आणि लिहिता हात घेतला. तारुण्य त्यांनी मागितलेच नाही. मला यात त्यांचे मोठेपण दिसते, आणि आपल्याला करण्यासारखे एक कामही दिसते. आपल्या घरच्या, शेजारच्या पडवीत अजून सांगण्यासारखे पुष्कळ असलेली माणसे बसली आहेत. येत्या सुटीत वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. आठवतील तशी त्यांची वाक्ये उतरवून घ्यावीत. सगळ्यांची 'ययाति' होणार नाही, पण ती वही त्या घरात राहील.