स्पीकरमागचा ‘८ ओहम’ कोणाचा? नोकरी सोडलेल्या एका मास्तरांची गोष्ट

कांद्याचे पैसे हातात आले, की विंचूरसारख्या बाजारपेठेच्या गावात घरोघरी नवी खरेदी होते. कुणाकडे अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बॉक्स येतात. मग माळ्यावरचे जुने दोन बॉक्स आठवतात आणि तेही त्याच तारांना जोडले जातात. आवाज घरभर घुमतो, पण थोड्या वेळाने अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडतो. कधी कायमचाच.

असे का होते, याचे उत्तर बहुतेक बॉक्सच्या मागच्या पट्टीवर छापलेले असते: ८ ओहम, ६ ओहम किंवा ४ ओहम. हा ओहम म्हणजे एका शाळामास्तरांचे आडनाव.

कोण होते ओहम?

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलूप बनवणारे कारागीर. त्यांचे शिक्षण फारसे झालेले नव्हते, पण स्वतः वाचून ते गणित शिकले आणि मुलांनाही त्यांनीच शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई वारली. धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ झाला.

१८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात गेले, पण नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे स्केटिंग यातच रमले. वडिलांनी संतापून शिक्षण थांबवले. मुलाला स्वित्झर्लंडमध्ये गणित शिकवण्याची नोकरी धरावी लागली. तिथे स्वतः अभ्यास करून ते परतले आणि १८११ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तरीही विद्यापीठात नीट जागा मिळेना. अखेर १८१७ मध्ये कोलोन शहरातील एका शाळेत ते गणित आणि भौतिकशास्त्र शिकवू लागले. शाळेची प्रयोगशाळा चांगली होती आणि तिथेच त्यांचे खरे काम सुरू झाले.

त्यांनी नेमके काय शोधले?

तारेची लांबी वाढवली तर करंट किती कमी होतो, हा त्यांचा प्रश्न होता. १८२५ मधले पहिले उत्तर चुकले. कारण त्यांची बॅटरी वापरता वापरता उतरत होती. व्होल्टेजच स्थिर नसेल तर मोजमाप बरोबर कसे येणार? कृषिपंप चालवणाऱ्याला ही अडचण वेगळी समजावायला नको.

मग एका शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली. तांबे आणि बिस्मथ या धातूंच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले. तापमानातील या फरकातून स्थिर व्होल्टेज मिळाले. वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून त्यांनी करंट मोजला आणि १८२६ मध्ये नियम हाती आला. व्होल्टेज तेवढेच ठेवून रोध निम्मा केला, तर करंट दुप्पट होतो. आज नववीच्या पुस्तकात आहे तोच हा नियम.

मग नोकरी का सोडली?

१८२७ मध्ये त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने मांडले. या पुस्तकामुळे विद्यापीठात प्राध्यापकी मिळेल, ही त्यांची आशा होती. पण गणिताने मांडलेली वीज तिथल्या अनेक विद्वानांना पटली नाही. प्रतिसाद थंडच होता. दुखावलेल्या ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये तुटपुंज्या शिकवण्यांवर काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला स्थिर नोकरी मिळाली.

त्यांची कदर आधी परदेशात झाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिले. कान हा एकत्र आलेला आवाज साध्या सुरांमध्ये वेगळा करून ऐकतो, असा विचारही त्यांनी १८४३ मध्ये मांडला. म्युनिक विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर २७ वर्षांनी, १८८१ मध्ये, पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हे नाव दिले.

तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरशी काय संबंध?

समजा, अ‍ॅम्प्लिफायर २० व्होल्ट देतो. ८ ओहमचा बॉक्स त्यातून २.५ अँपिअर करंट घेईल, म्हणजे ५० वॉट. ४ ओहमचा बॉक्स ५ अँपिअर घेईल, म्हणजे १०० वॉट. आता ८ ओहमचे दोन बॉक्स एकाच जोडणीला समांतर लावले, तर मिळून होतात ४ ओहम. ४ ओहमचे दोन लावले, तर उरतात फक्त २ ओहम आणि करंट जातो १० अँपिअरवर. अ‍ॅम्प्लिफायर तापतो तो इथे.

म्हणजे ओहमचा आकडा जितका लहान, तितका अ‍ॅम्प्लिफायरवर भार जास्त. हे अनेकांना उलटे वाटते.

जोडण्यापूर्वी काय पाहावे?

● अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे किमान किती ओहम चालतील ते लिहिलेले असते. बॉक्सचा एकूण आकडा त्याच्या खाली जाऊ देऊ नका. वर गेला तर धोका नाही, फक्त आवाज थोडा कमी होईल.

● पट्टी पुसली गेली असेल, तर बॉक्स सोडवून मल्टिमीटरने मोजा. ८ ओहमचा बॉक्स साधारण ६ ते ७ दाखवतो. तो बिघाड नव्हे. छापलेला आकडा गाणे वाजतानाच्या रोधाचा असतो आणि तोही सुरांप्रमाणे बदलतो.

● तार लांब आणि बारीक नको. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार १० मीटर अंतरावर नेली, तर जाऊन-येऊन सुमारे ०.३५ ओहम रोध वाढतो. ४ ओहमच्या बॉक्ससाठी हा रोध दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही.

● कमी वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजावर ताणू नका. आवाज फाटू लागला, की बॉक्समधला लहान स्पीकर आधी जळतो.

तेव्हा माळ्यावरचे बॉक्स खाली काढाल, तेव्हा तारा जोडण्याआधी ते उलटे करून मागची पट्टी वाचा. घोड्याच्या नालेसारखे चिन्ह दिसेल, तोच ओहम.