किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांची सुरुवात झाली सायकलीपासून

कुंडल : किर्लोस्करवाडी म्हटलं की नांगर आणि पंप डोळ्यांसमोर येतात. पण ज्या माणसानं कुंडलजवळच्या माळावर हे गाव वसवलं, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा पहिला धंदा सायकलीचा होता. सायकल विकायची आणि घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा. आज गावोगाव पोरांकडे जाड टायरच्या, गिअरच्या सायकली आल्या आहेत. वर्षाच्या आत टायर गेला की कंपनीला नावं ठेवली जातात, पण चाकात हवा किती होती हे कुणी विचारत नाही. म्हणून लक्ष्मणरावांची ही गोष्ट आजही कामाची आहे.

चित्रकार व्हायला निघाले होते

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकात त्यांचं मन रमलं नाही. चित्रं काढणं आणि यंत्रं उलगडून बघणं, या दोनच गोष्टींचा नाद. वडिलांना हे पसंत नव्हतं. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामुअण्णा, मात्र पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथं वेगळीच अडचण निघाली. त्यांच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नव्हते. रंगांचं काम सुटलं. दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून गावी परतला असता. लक्ष्मणराव यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. तिथं रंग लागत नाही, रेघ आणि माप लागतं. पुढं मुंबईतल्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिक्षक झाले. शिकवता शिकवता तिथल्या यंत्रांवर स्वतःचाही हात बसवून घेतला.

बेळगावातलं सायकल दुकान

त्या काळी सायकल म्हणजे मोठं नवल होतं. मुंबईत एका पारशी गृहस्थाला सायकलवरून जाताना लक्ष्मणरावांनी पाहिलं आणि हे वाहन त्यांच्या डोक्यात बसलं. मुंबईहून सायकली घेऊन ते बेळगावला पाठवू लागले. तिथं रामुअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचे. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ सालापासून धरली जाते, ती याच धंद्यावरून. ते दुकान ज्या रस्त्यावर होतं तो बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

शिकवणीचे वेगळे पैसे घेतले जायचे. कारण उघड आहे. सायकल कधी पाहिलीच नाही अशा माणसाला नुसती सायकल देऊन उपयोग नव्हता. पडला, लागलं, चाक वाकलं, तर तो दोष सायकलीलाच देणार. तोल कसा धरायचा, ब्रेक कधी दाबायचा, हे कळलं तरच घेतलेली वस्तू कामाची.

मुंबईत नोकरी चालू होती. पण बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावला येऊन भावाच्या जोडीनं पूर्णवेळ धंद्यात उतरले.

चाकात हवा आली

योगायोग असा, की त्याच १८८८ साली आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाच्या तीनचाकी सायकलीला बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून त्यानं रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर चढवली होती. त्याच्या आधी सायकलींना भरीव रबर असायचं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, तसाच तो कडक प्रकार. प्रत्येक खड्डा थेट कमरेला कळायचा.

हवेनं चाक मऊ झालं, पण मालकाच्या मागं एक नवं काम लागलं. लोखंडी धाव एकदा बसवली की झालं. हवा मात्र रोज थोडी थोडी कमी होते आणि रस्ता, वजन बदललं की तिचं मापही बदलतं. सायकलीची ही शिकवणी आजही संपलेली नाही.

हवा कमी पडली तर टायरच्या दोन्ही कडा जमिनीवर घासतात आणि बाजूची भिंत सारखी दुमडून तिला चिरा पडतात. दगडावर चाक आदळलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चर काढणाऱ्याला अशी जोडभोकं दिसली की काट्याचा दोष नाही, हवा कमी होती, हे ओळखावं.

हवा जास्त झाली तर टायरचा फक्त मधला पट्टा जमिनीला टेकतो आणि तोच झिजतो. मुरमाच्या रस्त्यावर चाक उड्या मारतं, वळणावर घसरतं.

म्हणून आधी टायरच्या बाजूला छापलेला आकडा बघायचा. हवा किती पीएसआयपर्यंत भरायची, हे तिथं लिहिलेलं असतं. दुचाकीचा आकडा सायकलीला लावायचा नाही. ट्यूब असलेल्या, साधारण दोन इंच रुंद टायरच्या सायकलीवर साठ-सत्तर किलोचा माणूस असेल, तर कच्च्या रस्त्याला पुढं तीसच्या आसपास आणि मागं चार-पाच पीएसआय जास्त हवा बरी पडते. डांबरी रस्ताच जास्त असेल तर चाळीसपर्यंत जायला हरकत नाही. अंग हलकं असेल तर थोडी कमी, कॅरिअरवर वैरणीचा भारा किंवा दुधाचा कॅन असेल तर मागं थोडी जास्त. छापलेल्या मर्यादेच्या बाहेर मात्र कधीच नाही.

पंपावरच्या कॉम्प्रेसरनं भरताना सांभाळायला हवं. सायकलीच्या ट्यूबमध्ये जागा थोडी असते, क्षणात हवा भरते आणि ट्यूब फुटू शकते. हातपंप आणि हवा मोजायचं साधं मीटर एकदा घेतलं की आठवड्याला पाच मिनिटांचं काम आहे.

झिजेचंही तसंच. बसणाऱ्याचं जास्त वजन मागच्या चाकावर असतं आणि पायडलचा जोरही तिथंच लागतो, म्हणून मागचा टायर आधी जातो. ब्रेक करकचून दाबून चाक घसरवायची हौस असेल तर एकाच जागी चपटा डाग पडतो. मातीसाठी केलेले उंच दात्यांचे टायर रोज डांबरावर पळवले तर मधले दाते लवकर सपाट होतात. रोजची शाळा-कॉलेजची वाट डांबरी असेल तर कमी दात्यांचा टायर स्वस्त पडतो. नवा टायर एकच घ्यायचा झाला तर तो पुढं बसवावा आणि पुढचा चांगला टायर मागं टाकावा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर माणूस पडतोच. टायरमधून दोरे दिसायला लागले किंवा बाजूला खोल चिरा पडल्या, तर आणखी एक महिना काढू म्हणायचं नाही.

लोखंडी नांगर कुणी घेईना

सायकलीवर थांबले असते तर लक्ष्मणराव बेळगावचे एक दुकानदार म्हणून राहिले असते. पण त्यांची नजर शेतीकडे गेली. आधी वैरण तोडायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. तो तयार झाला १९०३ च्या सुमारास. लाकडी नांगरावर पिढ्यान् पिढ्या काढलेल्या शेतकऱ्याला तो पटेना. लोखंडानं जमीन नासते, अशी समजूत होती. सुरुवातीची दोन वर्षं गिऱ्हाईक मिळण्यासाठी झगडावं लागलं.

इथंही सायकलीचाच धडा कामी आला. शेतकऱ्याला नांगर समजावून सांगावा लागतो. जमीन काळी की मुरमाड, बैल किती ताकदीचे, यावर नांगर किती खोल लावायचा ते ठरतं. खोल लावला तर बैल दमतात, उथळ लावला तर तण राहतं. मातीत घासून फाळ झिजणारच. तो वेळेवर बदलला तर बाकीचा नांगर वर्षानुवर्षं टिकतो. सायकलीच्या टायरचं तेच नांगराच्या फाळाचं. झिजायचा भाग झिजू द्यायचा, पण माप चुकवून नाही.

कुंडल रोडचा माळ

धंदा जरा बसतोय तोवर बेळगावात कारखान्याची जागा सोडायची पाळी आली. नगरपालिकेला तिथं नवी वसाहत करायची होती. त्याच सुमारास लक्ष्मणराव औंध इथं मंडपाचं बांधकाम करत होते. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. चित्रकला सोडून लोखंडाकडे वळलेल्या या माणसाची अडचण त्यांना कळली. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जागा आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं.

१९१० च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव आपली माणसं आणि त्यांचे संसार घेऊन इथं उतरले. समोर होता निवडुंगानं भरलेला कोरडा माळ. साप, विंचू, पाण्याचे हाल. आधी निवडुंग तोडला, मग छपरं घातली, मग भट्टी पेटली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर असे सोबती मिळाले. जवळच्या गावांतले लोक हाताखाली शिकून कारागीर झाले. शिक्षा भोगून आलेल्यांना कुणी दारात उभं करत नसे, अशांनाही इथं राखणीचं काम मिळालं. पुढं स्टेशनचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. देशातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींत या गावाची गणती होते.

तोफांचा नांगर झाला

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं आणि परदेशी लोखंड, कोळसा, रंग यायचं थांबलं. नांगराला मागणी होती, पण माल नव्हता. कोळशाच्या जागी लोणारी कोळसा वापरून पाहिला, रंग इथंच तयार केला. लोखंडासाठी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा मिळवल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी नोंदली गेली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, रहाट आले आणि नंतर पंप. मोटेवर बैल झिजवणाऱ्या शेतकऱ्याला पंपानं केवढा आधार दिला, हे कृष्णाकाठाला सांगायला नको. त्याच साली वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी मासिकही सुरू केलं. कारखान्याच्या माहितीपासून निघालेलं ते पान पुढं घराघरात वाचलं गेलं.

मागं काय ठेवलं

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. तोवर मुलगा शंतनुराव यांच्या हाताखाली उद्योग पुणे आणि बंगळूरपर्यंत पसरला होता. १९६९ ला, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारनं त्यांच्या नावे टपाल तिकीट काढलं.

वाडीचा कारखाना आजही चालू आहे. सायकल, नांगर, पंप या तिन्ही वस्तूंमध्ये लक्ष्मणरावांचं एक सूत्र दिसतं. यंत्र घरी आणलं म्हणजे काम संपत नाही. त्याचं माप कळलं, तर पैसे वसूल. आज पोराला नवी सायकल घेऊन देताना सोबत हवा मोजायचं मीटर घेतलं आणि पहिल्याच दिवशी टायरवरचा आकडा दाखवला, तर ती सायकल धाकट्या भावंडालाही पुरेल.