महाराजा यशवंतराव होळकर आणि त्यांची मोटार

आमच्या हिंगोली जिल्ह्यात होळकर हे नाव लहानथोरांना ठाऊक आहे. औंढा नागनाथाच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराशी पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे नाव जोडलेले आहे. इंग्रजांशी झुंजलेले पहिले यशवंतराव तर आपल्याला शाळेच्या पुस्तकातच भेटतात. पण त्याच गादीवर बसलेले, इंदूरचे अखेरचे सत्ताधीश महाराजा यशवंतराव दुसरे यांच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती एका मोटारीमुळे. म्हणून, वाचक मित्रहो, राजाचे चरित्र सांगता सांगता मी मध्येच इंजिन उघडून बसलो, तर रागावू नये.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी झाला. शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि पुढे ऑक्सफर्डलाही शिकले. त्यांचा विवाह कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी झाला. १९२५ साली मुंबईच्या मलबार हिलवर बावला खून प्रकरण घडले. त्याचा संबंध इंदूर दरबाराशी जोडला गेला आणि १९२६ मध्ये वडील तुकोजीराव तिसरे यांना गादी सोडावी लागली. यशवंतराव राजे झाले, तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मात्र त्यांच्या हाती १९३० साली आले. ज्या वयात आपण बारावीचा निकाल पाहतो, त्या वयात त्यांच्या डोक्यावर एका संस्थानाचा भार आला होता.

हा राजा नव्या युगाचा चाहता होता. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियुस यांच्याकडून त्याने इंदुरात माणिकबाग राजवाडा उभारून घेतला. त्यात ना कोरीव खांब, ना झुंबरांची गर्दी. सरळ रेषा, काच आणि धातू यांचे ते घर होते. पॅरिसचे शिल्पकार ब्रांकुशी यांच्याकडून त्यांनी पक्ष्याची तीन शिल्पे घेतली. ती ठेवण्यासाठी एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले आणि त्यासाठी ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊनही गेले. परंतु १९३७ मध्ये संयोगिताराजे तरुण वयातच निवर्तल्या आणि ते मंदिर कागदावरच राहिले.

याच काळात त्यांनी अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग कंपनीची मोटार घेतली. तिचा सांगाडा व इंजिन अमेरिकेचे, तर वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांची. ही कंपनी काढणारे ड्यूझेनबर्ग बंधू जन्माने जर्मन. ते अमेरिकेतील शेतीप्रधान आयोवा राज्यात वाढले आणि सायकलींपासून सुरुवात करून पुढे आले. त्यांच्या साध्या मॉडेलची ताकद कंपनी २६५ अश्वशक्ती सांगे, तर सुपरचार्जर बसवलेल्या मॉडेलची ३२०. महाराजांची मोटार या दुसऱ्या जातीची होती.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. आजच्या ट्रॅक्टरमधील टर्बो धुराच्या झोतावर फिरतो, तर हा पंखा इंजिनाच्याच क्रँकशाफ्टवरून फिरे. हवा जास्त शिरली की पेट्रोलही जास्त जळते आणि सिलिंडरमधील दाब वाढतो. तो दाब अडवून धरण्याचे काम ब्लॉक आणि हेड यांच्यामधील एका पातळ थराकडे असते. तेच हेड गॅसकेट. जळता वायू, थंडाव्याचे पाणी आणि वंगणाचे ऑइल या तिघांना त्याने एकमेकांपासून दूर ठेवायचे असते.

माझ्या मामांचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज आहे. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असतो. ऐन पेरणीत कुणाचे गॅसकेट उडाले, तर त्या घरात सुतक पडल्यासारखे होते. ओल निघून जाते, पण ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघणे आणि ऑइल दुधाळ होणे ही त्याची लक्षणे. मामांच्या मते गॅसकेट सहसा स्वतःच्या दोषाने मरत नाही, त्याला मारले जाते. म्हणून ते बसवताना दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करावेत. हेड वाकले आहे का, ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने पाहावे आणि वाकले असेल तर मशीनवर सपाट करून घ्यावे. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळावेत. रेडिएटर साफ ठेवावा.

सुपरचार्जरच्या जुन्या मोटारीला याहून अधिक जपावे लागते. दाब वाढवायचा तर मुळातले कॉम्प्रेशन कमी ठेवावे लागते. ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. पेट्रोल चांगले लागते. नाही तर सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होऊन ठोके पडतात आणि त्या ठोक्यांनी गॅसकेट फाटते. जुन्या पद्धतीचे गॅसकेट असेल, तर इंजिन एकदा तापून निवल्यावर बोल्ट पुन्हा तपासावे लागतात. ड्यूझेनबर्गच्या कारागिरांनी नुसता पंखा जोडला नव्हता, त्याच्याबरोबर कनेक्टिंग रॉडही अधिक मजबूत केले होते. ताकद वाढवायची तर ती पेलणारे भाग आधी मजबूत करायचे, हा त्यांचा नियम होता.

संस्थानी राज्यपद्धतीत मला हाच नियम दिसत नाही. एका माणसाच्या हाती सारी सत्ता आणि खजिना होता, पण तो भार पेलणारी प्रजेची यंत्रणा दुबळी होती. ती मोटार माळव्यातील शेतकऱ्याच्या साऱ्यावर आली होती, हेही विसरता येत नाही. तरी यशवंतरावांना केवळ विलासी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या कारकिर्दीत होळकर संघात सी. के. नायडूंसारखे खेळाडू खेळले आणि त्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्य झाले, तेव्हा ते त्याचे उपराजप्रमुख झाले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांची शिल्पे आणि ती मोटार परदेशी गेली. इंदुरात त्यांचे नाव आज एका मोठ्या सरकारी रुग्णालयावर आहे आणि तेथे गोरगरीब उपचारासाठी येतात. राजाच्या मोटारीपेक्षा त्या रुग्णालयाच्या दारातील गर्दी मला मोठी वाटते. पण मोटारीनेही मला एक गोष्ट शिकवली. गॅसकेट राजाचे असो वा शेतकऱ्याचे, ते मालक पाहत नाही. ते फक्त बोल्ट नीट आवळले आहेत की नाहीत, एवढेच पाहते.